बाबांचा जुना डेस्कटॉप, विंडोज १० आणि जुन्या फाँटमधलं मॅटर: सल्ला हवा

डहाणूकरवासी
नमस्कार मंडळी. घरी (कोथरूड) बाबांचा असेंबल केलेला डेस्कटॉप आहे. थर्ड जनरेशन आय-थ्री, ४ जीबी रॅम, ५०० जीबीची साधी हार्ड डिस्क, विंडोज १०. बाबा निवृत्त शिक्षक, वय ७६. ज्येष्ठ नागरिक संघाच्या पत्रिकेचं सगळं मॅटर तेच टाइप करतात, शिवाय गावाकडच्या आठवणी, वंशावळ, जुनी पत्रं वगैरे. वर्डमध्ये बरंच, काही पेजमेकरमध्ये (पानं मांडायचं जुनं सॉफ्टवेअर). आणि हे सगळं जुन्या मराठी फाँटमध्ये, युनिकोड (प्रत्येक अक्षराला सगळ्या मशीनवर एकच कोड देणारी पद्धत) अजिबात नाही. टायपिंग मराठी टाइपरायटरवर शिकलेले, त्यामुळे बोटं अजून तशीच पडतात.

अडचणी अशा. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, तेव्हापासून स्क्रीनवर सूचना येते आणि बाबांना वाटतं की एक दिवस कॉम्प्युटर आपोआप बंद पडणार. मशीन सुरू होईपर्यंत चहा करून, पिऊन, कप विसळून होतो. त्यातच गुरुवारी लाईट गेली की परत आल्यावर घड्याळात भलतंच वर्ष असतं आणि जीमेल उघडत नाही. मग "नेट गेलं" म्हणून मला ऑफिसात फोन.

जवळच्या दुकानदाराने मशीन न उघडता "मदरबोर्ड गेलाय, नवीनच घ्या" असं सांगून कोटेशनही हातात ठेवलं. नवीन घ्यायला ना नाही, पण खरंच गरज आहे का? आणि घेतलं तर जुन्या फायलींचं काय? लॅपटॉप सुचवू नका, बाबांना त्याचा कीबोर्ड चालत नाही.

टिळकरोडवरचा
दुकान बदला, हा पहिला सल्ला.

घड्याळ मागे जाणं म्हणजे मदरबोर्ड जाणं नव्हे. बोर्डावर नाण्याएवढा सेल असतो, सीआर२०३२. वीज असते तोवर घड्याळ त्याच्याशिवायही चालतं. बटण बंद झालं किंवा लाईट गेली की त्या सेलवर चालतं, आणि तो संपला असेल तर तारीख मागे पडते. आता संगणक म्हणतो २०१३, आणि जीमेलचं सुरक्षा प्रमाणपत्र आजच्या तारखेचं. ब्राउझरला वाटतं हे प्रमाणपत्र अजून लागूच झालेलं नाही, म्हणून तो दार उघडत नाही. नेट बिचारं ठणठणीत असतं. सेल कोणत्याही घड्याळवाल्याकडे मिळेल. स्विच बंद करून, वायर काढून, नखाने खिटी दाबली की जुना उडी मारून बाहेर येतो. नवा घालताना अधिक चिन्ह वर. नंतर एकदा तारीख लावायची, बस्स.

हळू सुरू होण्याचं कारण नव्वद टक्के ती हार्ड डिस्क. एसएसडी टाका, म्हणजे तिच्या जागी बसणारी, फिरते भाग नसलेली वेगवान डिस्क. फक्त २.५ इंची साटा (हार्ड डिस्कच्याच केबलवर चालणारी) मागा. हल्ली दुकानात 'एसएसडी' म्हटलं की एम.२ ची पट्टी हातात ठेवतात, तिला तुमच्या बोर्डावर जागाच नसेल. २५६ जीबी पुरे. रॅम डीडीआर३ लागेल, ती आता जुन्या बाजारातलीच. तापकीर गल्ली, पासोड्या विठोबाच्या आसपास विचारा. भाव सध्या चढे आहेत, दोन-तीन ठिकाणी विचारल्याशिवाय घेऊ नका. ८ जीबी झाली तर उत्तम, नाही झाली तरी एसएसडीने फरक कळेल.

मिंट_आणि_मिसळ
विंडोज ११ चा विचार सोडा. त्याला टीपीएम २.० (मशीनमधली सुरक्षेची चिप) लागतं आणि इंटेलचा साधारण आठव्या पिढीपासूनचा प्रोसेसर. तिसरी पिढी यादीतच नाही. यूट्यूबवर जुगाड करून बसवणारे भेटतील, पण पुढचे अपडेट मिळतीलच याची हमी मायक्रोसॉफ्ट देत नाही.

माझं मत: लिनक्स मिंट (विंडोजऐवजी चालणारी फुकट प्रणाली), त्यातही एक्सएफसीई, म्हणजे तिची हलकी आवृत्ती. मिंट २२ ला २०२९ पर्यंत सपोर्ट आहे आणि ४ जीबीत व्यवस्थित चालतं. पेनड्राइव्हवरून नुसतं चालवून बघता येतं, डिस्कला हात न लावता. बाबांना बसवा समोर, दोन दिवस वापरू दे. लिब्रेऑफिस आयतं येतं, वर्डच्या फायली उघडतात. त्यातल्या ड्रॉमध्ये पेजमेकर ६ आणि ७ च्या फायलीसुद्धा उघडतात. मांडणी थोडी इकडेतिकडे होते, मजकूर हाती लागतो. माझ्या आईकडे मिंटच आहे, तिला विंडोज गेल्याचं कळलंसुद्धा नाही.

खडकवासला_बॅकवॉटर
आईला कळलं नाही कारण आई फक्त यूट्यूब बघत असेल. इथे टाइपरायटरची मांडणी, जुना फाँट, पेजमेकर असं सगळं आहे. मिंट टाकून मोकळे व्हाल आणि बाबांचे फोन मात्र डहाणूकरवासींना जातील.

मिंट_आणि_मिसळ
पाककृती आणि बँक दोन्ही बघते. असो. मुद्दा मान्य आहे, टायपिंगची चाचणी आधी घ्या. आयबस आणि एम१७एन (लिनक्सवर भारतीय भाषा टाइप करायची सॉफ्टवेअर) बसवलं की हिंदीच्या यादीत रेमिंग्टन (टाइपरायटरची) मांडणी मिळते. बाबांच्या सवयीशी ती कळ न् कळ जुळेल असं नाही, त्यांनाच दहा ओळी टाइप करून बघू दे.

सहजच
त्यापेक्षा इनस्क्रिप्ट (भारतीय लिप्यांची प्रमाण कीबोर्ड मांडणी) का नाही शिकत? विंडोजमध्ये आयतं असतं, मोबाइलवरही आहे. स्वर डाव्या हाताला, व्यंजनं उजव्या. 'के' वर क, 'जे' वर र, 'एल' वर त, शिफ्ट धरून 'एन' वर ळ. आठवड्यात हात बसतो.

ट्रेसिंगवाला
सहजच, तुमचा हात आठवड्यात बसला, कौतुक आहे. ७६ वर्षांच्या माणसाचा बसलेला हात मोडायला सांगू नका. वेग गेला की लिहायची हौस जाते.

उशिरा लिहितोय, पण मला या धाग्यात सगळ्यात महत्त्वाची गोष्ट मशीन वाटत नाही. मशीन आज ना उद्या जाणारच. बाबांचं मॅटर वाचवा आधी. नारायण पेठेत वर्षानुवर्षं डीटीपी (संगणकावर छपाईची पानं लावणं) केलं, दिवाळी अंकांची ट्रेसिंग (छपाईसाठी ट्रेसिंग पेपरवरच्या प्रिंट) काढली, तेव्हा हे दुखणं चांगलं ओळखतो.

जुन्या फाँटच्या फाइलमध्ये मराठी अक्षर साठवलेलंच नसतं. आत रोमन लिपीचेच कोड असतात आणि फाँट त्या जागी मराठी आकार काढून दाखवतो. फाँट नसलेल्या मशीनवर तीच फाइल उघडा, रोमन अक्षरं आणि डॉलर-पर्सेंटची खिचडी दिसेल. आता कोणीतरी सांगेल की सगळं सिलेक्ट करून फाँट 'मंगल' (युनिकोडचा फाँट) करा. करून बघा, तीच खिचडी. जुने कोड युनिकोडात बदलणारा कन्व्हर्टरच लागतो, आणि तो नेमक्या तुमच्या फाँटसाठीचा लागतो, कारण प्रत्येक पॅकेजची कोडची वाटणी वेगळी. वर्डमध्ये मजकुरावर कर्सर ठेवून फाँटचं पूर्ण नाव, आकड्यासकट, लिहून घ्या. श्रीलिपीचा, कृतिदेवचा, आयएसएम-सुरेखचा, प्रत्येकाचा वेगळा.

कन्व्हर्टर कुठे घसरतो तेही सांगतो. 'किती' लिहिताना जुन्या पद्धतीत ऱ्हस्व वेलांटी आधी पडते, मग क. युनिकोडात आधी क, मग वेलांटी. रफाराचं उलटं: 'सूर्य' मध्ये जुन्या फाँटात य नंतर रफार, युनिकोडात र आणि पाय मोडायचं चिन्ह य च्या आधी. कन्व्हर्टरचं निम्मं काम ही अदलाबदल, आणि एकाच अक्षरावर रफार, वेलांटी, अनुस्वार सगळं आलं की त्याचा गोंधळ होतो. म्हणून सगळ्या फायली त्यात ओतण्याआधी एक छोटी चाचणी फाइल करा: 'मूर्तींची', 'दुसऱ्या', 'कर्तृत्व', 'श्रद्धा', 'वाङ्मय'. हे शब्द नीट आले तर कन्व्हर्टर विश्वासाचा. 'दुसऱ्या' चं 'दुसर्या' झालं तर सगळीकडे तेच होणार, आणि पत्रिकेतल्या ज्येष्ठांची पत्रं येतील.

क्रम असा ठेवा. त्याच चालू मशीनवर, फाँट जागेवर असताना, प्रत्येक फाइलची पीडीएफ काढा. विंडोज १० मध्ये 'प्रिंट टू पीडीएफ' आयतं आहे. ही पीडीएफ कुठेही दिसेल. पण तिच्यातून मजकूर कॉपी केलात तर पुन्हा खिचडीच येईल, तेव्हा मूळ फायली फेकू नका. फाँट्स फोल्डरमधून ते फाँटही वेगळे काढून ठेवा. पॅकेजची सीडी आणि डोंगल (सॉफ्टवेअर चालायला मशीनला जोडावी लागणारी चावी) असेल तर एका पिशवीत. डोंगल दिसायला फालतू दिसतो, आवरासावरीत पहिला तोच जातो.

ज्या पानांच्या फायली हरवल्यात पण छापील प्रत आहे, त्यांचा फोटो गूगल ड्राइव्हवर चढवून गूगल डॉक्समध्ये उघडा. मराठी बऱ्यापैकी ओळखतो. प्रूफ मात्र वाचावं लागतं.

आणि बाबांना सध्या जुन्याच फाँटमध्ये टाइप करू द्या. लेख पूर्ण झाला की तुम्ही कन्व्हर्टरमधून काढायचा. हात त्यांचा, युनिकोड तुमचं.

टिळकरोडवरचा
ट्रेसिंगवाल्यांना दंडवत. यावरून माझ्या सल्ल्यात एक दुरुस्ती: एसएसडीवर नव्याने विंडोज टाकू नका, जुन्या डिस्कचा क्लोन (हुबेहूब नक्कल) काढा. फाँट, वर्ड, पेजमेकर सगळं जसंच्या तसं येतं. डेटा २५६ जीबीत मावतोय का ते आधी बघा. क्रिस्टलडिस्कइन्फो नावाचं छोटं फुकट सॉफ्टवेअर आहे, त्यात डिस्कची तब्येत 'गुड' दाखवतेय ना तेही पाहा. 'कॉशन' असेल तर आज रात्रीच पीडीएफ आणि फायली बाहेर काढा, क्लोन नंतर. काम झाल्यावर जुनी डिस्क मशीनमधून काढून कपाटात ठेवायची, फॉरमॅट करायची नाही.

डहाणूकरवासी
सगळ्यांचे मनापासून आभार. सेल घातला. ४० रुपये. गुरुवार गेला, लाईट गेली, आली, तारीख जागच्या जागी आणि जीमेल उघडलं. बाबांनी कोटेशनच्या मागच्या बाजूला दूधवाल्याचा हिशोब लिहायला घेतलाय.

डिस्क 'गुड' आहे. पीडीएफ काढायचं काम बाबांनीच अंगावर घेतलं, रोज दुपारी थोडं थोडं. त्यात त्यांना स्वतःचेच विसरलेले लेख सापडतायत, त्यामुळे वेग फार नाही. 'दुसऱ्या' ची चाचणी केली: पहिला कन्व्हर्टर नापास, दुसरा पास, फक्त 'वाङ्मय' मध्ये अडखळतो. ते हाताने करू.

आता दोन प्रश्न. एसएसडी टाकल्यावर विंडोज १० वरच राहिलो तर सुरक्षेचं काय? आणि युनिकोडात आणलेल्या मजकुरात ल आणि श हिंदी वळणाचे दिसतायत. बाबांना ते अजिबात पसंत नाही. "हे काय परीक्षेत दिलंय का मी कधी" म्हणाले.

ट्रेसिंगवाला
बाबांशी सहमत. मजकूर निवडून त्याची भाषा 'मराठी' लावा, हिंदी नको. ज्या फाँटमध्ये दोन्ही वळणं भरलेली असतात तो भाषा बघून आकार बदलतो. तरी नाही बदललं तर 'तिरो देवनागरी मराठी' उतरवून घ्या. गूगल फाँट्सवर फुकट आहे, वळण आपलं आहे आणि छपाईत छान उठतो.

मिंट_आणि_मिसळ
सुरक्षेसाठी मायक्रोसॉफ्टची वाढीव अपडेटची योजना आहे, घरगुती वापरासाठी १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत. सेटिंग्जमध्ये विंडोज अपडेटच्या पानावर नावनोंदणीची लिंक दिसते. दिसत नसेल तर आवृत्ती २२एच२ आहे का ते तपासा, जुनी असेल तर आधी ती चढवा. मायक्रोसॉफ्टचं खातं लागतंच. पैसे भरायचे नसतील तर सेटिंग्ज त्या खात्याशी सिंक करायचा पर्याय निवडा, त्याला काही पडत नाही. नाहीतर ३० डॉलर किंवा १००० रिवॉर्ड पॉइंट. फक्त सुरक्षेचे पॅच मिळतात, नवीन काही नाही, आणि बाबांना नवीन काही नकोच आहे.

त्या मुदतीत फायली युनिकोडात येऊ द्या. मग मिंटबद्दल पुन्हा भांडू. प्रिंटर कोणता आहे ते मात्र आत्ताच सांगून ठेवा, काही जुन्या लेझर प्रिंटरना लिनक्सवर ड्रायव्हर मिळता मिळत नाही.

खडकवासला_बॅकवॉटर
आणि दरम्यान स्क्रीनवर "तुमच्या कॉम्प्युटरला धोका आहे, या नंबरवर फोन करा" असं मोठ्ठ्या आवाजात आलं तर बाबांना सांगून ठेवा: फोन करायचा नाही, एनीडेस्क (दुरून आपलं मशीन चालवू देणारं सॉफ्टवेअर) कोणाला द्यायचं नाही. ऑल्ट-एफ४ दाबायचं, नाही गेलं तर सरळ बटण दाबून मशीन बंद. विंडोजच्या खऱ्या सूचनेत फोन नंबर कधीच नसतो. चिठ्ठी करून मॉनिटरला चिकटवा, मराठीत, मोठ्या अक्षरात.

डहाणूकरवासी
चिठ्ठी बाबाच टाइप करतायत. प्रिंटरचं मॉडेल रात्री बघून टाकते. एसएसडीसाठी शनिवारी तापकीर गल्लीत जाणार आहे. बरोबर मशीन न्यावं लागेल, की नुसता बोर्डाचा फोटो चालेल?

टिळकरोडवरचा
एसएसडीला फोटोचीही गरज नाही, साटा म्हणा. रॅमसाठी आत्ताची पट्टी काढून खिशातून न्या, शेजारी ठेवून खाच जुळवून घ्या. आणि एक साटा केबलही घ्या, जुन्या कॅबिनेटमध्ये ती ऐनवेळी सैल निघते.