मदत हवी आहे: सहावी ते आठवीच्या मुलांमधली परोपकारवृत्ती मोजायची कशी?

नमस्कार मंडळी. शोधनिबंधासाठी हे मोजायचं आहे. रश्टन आणि सहकाऱ्यांची १९८१ची २० विधानांची प्रश्नावली पाहिली, पण तिच्यात रक्तदानही आहे. बारा वर्षांचं मूल रक्तदान कुठून करणार? गुडमन यांच्या एसडीक्यूमध्ये (मुलांच्या वर्तनातल्या बलस्थानं-अडचणींची प्रश्नावली) या विषयावर जेमतेम ५ विधानं. शिवाय शिक्षक समोर उभे असले की कागदावर सगळेच कर्णाचे अवतार होतात!

म्हणून जोडीला एखादा खेळ घ्यावा म्हणते: हातात दहा टोकन द्यायचे, त्यातले अनोळखी मुलाला किती देतात ते बघायचं. वर्गात मदत करणारं कोण, अशी नावं वर्गमित्रांना सुचवायला सांगितलं, तर लोकप्रिय मुलंच पुढे येतील अशी भीती वाटते.

या वयात असा खेळ कुणी घेतलाय का? कुणी किती दिले हे इतर मुलांपासून गुप्त कसं ठेवलंत? कार्लो-रँडल मापनीची (इतरांना मदत करण्याच्या प्रवृत्ती मोजणारी प्रश्नावली) किशोरांसाठीची आवृत्ती मराठीत वापरली असेल, तर तेही सांगा.