सोलारिस सर्व्हरवर आरसीयू चालत नाही, स्किमा कुठून तयार करू?

वेर्ण्याचा_वाटसरू
नमस्कार मंडळी. वेर्ण्याच्या एका कारखान्यात ओरॅकलचं फ्यूजन मिडलवेअर 11जी (ॲप्लिकेशन चालवणारं सॉफ्टवेअर) बसवायचंय. डेटाबेस सोलारिस स्पार्कवर, आणि आरसीयू (रिपॉझिटरी क्रिएशन युटिलिटी, म्हणजे मिडलवेअरला लागणारे स्किमा, टेबलांचे संच, डेटाबेसात तयार करणारं साधन) मिळतं फक्त विंडोज आणि लिनक्स x८६ साठी. डेटाबेस हलवायला क्लायंट तयार नाही. चवथीला सगळे गावी पळायच्या आत हे संपवायचंय. कुणी केलंय का?

मांडवीकाठ
लिनक्सवर तात्पुरता डेटाबेस उभा कर, तिथे आरसीयू चालव, स्किमांचा डम्प (एक्सपोर्ट फाईल) घे आणि सोलारिसवर इम्पोर्ट कर. अर्ध्या दिवसाचं काम.

डिचोलीची_डीबीए
मांडवीकाठ, हा सल्ला महागात पडेल हो. कुठला स्किमा कुठल्या आवृत्तीचा याची नोंद आरसीयू 'सिस्टम' या डेटाबेस युजरच्या मालकीच्या टेबलात करतं. नुसते स्किमा उचलले तर ती नोंद मागेच राहते.

वाटसरू, डेटाबेस कुठेही असू दे. आरसीयू म्हणजे शेवटी जाव्हाचा क्लायंट. तो विंडोज लॅपटॉपवर चालव आणि होस्ट, पोर्ट, सर्व्हिस नेम सोलारिसचं दे. सर्व्हरवर काहीच बसवावं लागत नाही. डेटाफाईलसुद्धा डेटाबेसच तयार करतो, म्हणून पाथ सोलारिसचा लिहायचा, सी ड्राइव्हचा नव्हे.

वेर्ण्याचा_वाटसरू
ताई, केलं. पण आता सिस (डेटाबेसचा मुख्य ॲडमिन युजर) म्हणून आत जाताना ओआरए-०१०१७, म्हणजे युजरनेम-पासवर्ड चुकीचा अशी एरर. सर्व्हरवर बसून तोच पासवर्ड टाकला की लगेच चालतो!

डिचोलीची_डीबीए
सर्व्हरवर तू काय टाकतोस याला अर्थच नाही रे! तिथे तू डीबीए ग्रुपमध्ये आहेस, म्हणून ऑपरेटिंग सिस्टमच तुला आत सोडते. मुद्दाम चुकीचा पासवर्ड टाकून बघ, तरी आत जाशील. बाहेरून सिसडीबीए (पूर्ण ॲडमिन अधिकार) म्हणून यायचं तर पासवर्ड फाईल लागते आणि रिमोट लॉगिन पासवर्डफाईल हा पॅरामीटर एक्सक्लुझिव्ह किंवा शेअर्ड लागतो. आधी हे दोन्ही तपास, मग लिसनर (बाहेरून येणारी कनेक्शन घेणारा प्रोग्रॅम).

फोंडेकर
आणि झिप कुठे उघडलीस? डेस्कटॉपवरच्या 'न्यू फोल्डर' मध्ये तर नाही ना? पाथमध्ये स्पेस असली की विंडोजवर आरसीयू रुसतं. मी त्यात अख्खी दुपार घालवलीय, बाहेर पाऊस आणि आत इनव्हर्टरची टिकटिक.

वेर्ण्याचा_वाटसरू
😅 तिथेच होती. सी ड्राइव्हवर हलवली. पॅरामीटर 'नन' होता, आमच्या आधीच्या माणसाची कृपा. तो बदलून डेटाबेस रीस्टार्ट केला, नवीन पासवर्ड फाईल बनवली. आता प्रीरेक्विझिट चेकपर्यंत पोचलोय. 'डेटाबेस एएल३२यूटीएफ८ (ओरॅकलचा युनिकोड कॅरेक्टर सेट) नाही' अशी वॉर्निंग आलीय. इग्नोर करू?

डिचोलीची_डीबीए
बटण आहे म्हणून दाबू नकोस. त्या डेटाबेसात मराठी-कोकणी नावं जाणार असतील तर आज इग्नोर केलेलं उद्या प्रश्नचिन्हं होऊन परत येईल. क्लायंटकडून त्या कॅरेक्टर सेटचा नवीन इन्स्टन्स (वेगळा डेटाबेस) मागून घे, माझं मत तरी हेच. आणि आरसीयू पणजीहून व्हीपीएनवर चालवू नकोस, त्याच लॅनवरच्या मशीनवरून चालव. मध्येच लाइन तुटली तर अर्धवट स्किमा राहतात. मग त्याच प्रीफिक्सने (स्किमांच्या नावांपुढे आरसीयूत दिलेला शब्द) आधी ड्रॉप, नंतर परत क्रिएट.

वेर्ण्याचा_वाटसरू
इन्स्टन्स मागितला. उद्या सकाळी वेर्ण्याला स्वतःच जातो, लॅपटॉप घेऊन.

फोंडेकर
नेटवर्कवाल्याला लिसनरचं १५२१ पोर्ट आजच उघडायला सांग. सकाळी तो चहाला गेलेला असतो.