एएनसी ९०, आणि रविवारी गावाहून क्रूझर निघतेय

बार्शीकर_पोरगा

रात्रीचे अडीच वाजलेत. बाबांना आत्ता कुठे झोप लागलीय. मी खुर्चीत बसून मोबाईलवर लिहितोय, चुका समजून घ्या.

बाबा ५६ वर्षांचे, एसटीत कंडक्टर. दिवाळीनंतर हिरड्यांतून रक्त यायला लागलं. दातांच्या डॉक्टरांनी रक्त तपासायला लावलं आणि निघाला ब्लड कॅन्सर, एएमएल. पुण्यात पहिली केमो झाली. सात दिवस एक औषध चोवीस तास चालू आणि त्यातले पहिले तीन दिवस ते दुसरं, लाल रंगाचं. आज केमो सुरू होऊन तेरावा दिवस. पांढऱ्या पेशी ३००, त्यातल्या जंतूंशी लढणाऱ्या पेशींचा आकडा, म्हणजे एएनसी, ९०. डॉक्टर शांतपणे म्हणाले, हे असंच होणार होतं, अजून दीड-दोन आठवडे पेशी वर यायच्या नाहीत. तेवढ्यात इन्फेक्शन सांभाळा.

आता "सांभाळा" म्हणजे नक्की काय करायचं? खोली दोन खाटांची. पडद्यापलीकडचे आजोबा रात्रभर खोकतात. वरच्या मजल्यावर ड्रिलिंग चालू आहे, खिडकीच्या कट्ट्यावर रोज पांढरी भुकटी साचते. सकाळी वॉर्डबॉय मामा येतात ते बाहेरची ट्रॉली ढकलून आलेल्या त्याच हातांनी बाबांची सलाईन सरकवतात. मी बघत राहतो, तोंडातून शब्द फुटत नाही. वाटतं, आज बोललो तर उद्या बेल वाजवल्यावर कोणी येणार नाही.

आई रोज अंगारा लावते. परवा काका आले, मी दारातच सॅनिटायझरची बाटली पुढे केली. "आम्ही काय रोग घेऊन आलोय का रे?" म्हणाले. हात चोळले, पण जेवणाचा डबा न उघडताच परत नेला. आणि आता रविवारी क्रूझर करून नऊ जण येतायत, पंढरपूरचा प्रसाद घेऊन. नाही म्हटलं तर आयुष्यभर ऐकून घ्यावं लागेल, ये म्हटलं तर मला झोप नाही.

दर तासाला ताप बघतो. बाबा वैतागले, "तू काय चेकर आहेस का? मी तिकीट काढलंय."

कोणी यातून गेलं असेल तर सांगा. त्या नऊ जणांचं काय करू? मामांना कसं बोलू?

निवृत्त_सिस्टर

बाळा, ३१ वर्षं वॉर्डात काढली, त्यातली शेवटची ९ कॅन्सरच्या.

आधी एक गोष्ट डोक्यात पक्की कर. या दिवसांत जे इन्फेक्शन होतं त्यातले बरेचसे जंतू रुग्णाच्या स्वतःच्याच अंगावरचे असतात. तोंडातले, आतड्यातले, कातडीवरचे. केमोने तोंडाची आणि आतड्याची आतली कातडी सोलवटते आणि ते रक्तात शिरतात. म्हणजे तू दारात कितीही पहारा दिलास तरी ताप येऊ शकतो, आणि आला तर तो काकांनी आणला असं समजू नकोस.

म्हणून दाराइतकंच लक्ष तोंडाकडे दे. प्रत्येक खाण्यानंतर आणि झोपताना, वॉर्डात दिलं असेल त्याने किंवा मीठ-सोड्याच्या पाण्याने चुळा. ब्रश लहान मुलांचा, मऊ. प्लेटलेट अगदीच कमी असतील तर ब्रश चालेल का ते सिस्टरला विचार. रोज अंग पुसणं, काखा-जांघा कोरड्या. शौचाला कुंथायला लागू नये. एनिमा, गुदद्वारातून औषध किंवा तिथून ताप बघणं, काहीही नको.

ताप दर तासाला नको, चार तासांनी पुरे. मधे थंडी वाजली, हुडहुडी भरली, नुसता "कसंतरी होतंय" म्हणाले तरी बघ. एकदा जरी १०१ आला, किंवा १००.४ येऊन तासभर टिकला, तर बेल. रात्रीचे तीन वाजले असले तरी. पॅरासिटामॉल आपल्या मनाने अजिबात द्यायची नाही, ताप झाकला जातो. कल्चरसाठी, म्हणजे रक्तात कुठला जंतू आहे ते शोधायला, रक्त घेतील आणि तासाभरात अँटिबायोटिक चालू व्हायला हवं. तू ज्याची काळजी करायचीस तो हा तास.

दंडाला पिक लाईन, म्हणजे औषधं द्यायची नळी, असेल ना? तिचं टोक जोडण्याआधी स्पिरिटच्या बोळ्याने पंधरा सेकंद घासून वाळू द्यावं लागतं. ते होतंय का एवढं बघ.

मामांना "हात धुवा" म्हणू नकोस. बाटली बाबांच्या पायथ्याशी अडकव, ते आत आले की आधी स्वतःच्या हातावर घे, मग त्यांच्यापुढे धर आणि म्हण, "मामा, काउंट नव्वदवर आलेत हो." मी अख्ख्या नोकरीत यावर कोणाला चिडलेलं पाहिलं नाही. जुलाब लागले तर मात्र बाटलीवर विसंबू नका, साबण आणि पाणीच. काही जंतू सॅनिटायझरला दाद देत नाहीत.

त्या ड्रिलिंगचं मला सगळ्यात वाईट वाटलं. बांधकामाच्या धुळीत बुरशीचे कण असतात आणि एएमएलच्या रुग्णाला फुप्फुसाची बुरशी होऊ शकते. उद्या राउंडला डॉक्टरांना सांग, तोंडी नाही, कागदावर लिहून. लांबची खोली मागा, खोकणाऱ्या आजोबांचंही त्यातच लिही. मिळेपर्यंत खिडकी-दार बंद, पुसणं ओल्या फडक्याने, सीटीला नेताना एन-९५.

अंगारा कपाळाला नको. पुडी उशाजवळच्या कप्प्यात राहू दे, आईला म्हणावं देव तिथूनही बघतो.

मिरजेची_लेक

माझ्या आईला लिम्फोमा होता, गाठींचा कॅन्सर. गाववाल्यांना अडवू नकोस, त्यांना कामाला लाव. प्रसाद आणि सफरचंदं आणतात कारण दुसरं काय करायचं ते त्यांना माहीत नसतं.

बाबांना प्लेटलेट लागत असतीलच. रक्तपेढीत विचार, एसडीपीसाठी, म्हणजे एकाच दात्याच्या मशीनने काढलेल्या प्लेटलेटसाठी, दाते हवेत का. मशीनवर तास-दीड तास बसायचं, वजन ५० किलोच्या वर, तीन दिवसांत अॅस्पिरिन घेतलेली नसावी. आमच्याकडचा एक चुलतभाऊ, जो आयुष्यात कोणाच्या उपयोगी पडला नव्हता, दोनदा बसला. आजही लग्नाकार्यात तेच सांगतो.

निवृत्त_सिस्टर

सूचना छान, पण थांबा. पुढे बोन मॅरो ट्रान्सप्लांटचा विचार होऊ शकतो. तसं असेल तर सख्खा भाऊ, मुलं यांचं रक्त किंवा प्लेटलेट आत्ता बाबांना द्यायचं नसतं, पुढे तेच दाते ठरू शकतात. काका आणि तू बाजूला राहा, शेजारीपाजारी बसू देत. आणि डॉक्टरांना विचारल्याशिवाय कोणालाच नाही.

दोन_नंबर_खाट

रुग्ण बोलतोय, चार वर्षांपूर्वीचा. दाराला पाटी लावा: "डॉक्टरांच्या आदेशानुसार भेट बंद." वाईटपणा डॉक्टरांकडे जाऊ द्या, त्यांना सवय आहे. मला माणसं आल्याचा त्रास नव्हता, ती आल्यावर घरच्यांचे चेहरे जे व्हायचे त्याचा होता.

बार्शीकर_पोरगा

सोमवार, संध्याकाळ. खोली बदलून मिळाली, एकट्याची, मागच्या बाजूला. पैसे जास्त, बघू.

काल नऊच्या नऊ आले. खालीच थांबवलं. बाबांनी तिसऱ्या मजल्याच्या बंद काचेतून हात हलवला आणि फोनवर एकेकाला मोजलं. शेजारच्या दोघांची नावं रक्तपेढीत लिहून घेतलीत. काकांना ट्रान्सप्लांटचं सांगितलं. ते बराच वेळ गप्प होते, मग विचारलं, "म्हणजे माझं मॅच होईल का?" डबा उघडला, पार्किंगमध्ये बसून दोघं जेवलो.

पहाटे चारला हुडहुडी भरली. ताप १०१.२. बेल दाबली. सिस्टरने लाईनमधून आणि दुसऱ्या हातातून असं दोन्हीकडून रक्त घेतलं, पस्तीस मिनिटांत अँटिबायोटिक लागलं. आता ९९.४ आहे. कल्चरचा रिपोर्ट यायचाय. मामा स्वतःहून बाटली घेतात आता.

तोंडात छाले आलेत, काही गिळवत नाही. आई विचारतेय, ज्वारीची आंबील चालेल का?

निवृत्त_सिस्टर

ताक घातलेली नको, ताकाचं आधी डाएटिशियनला विचारा. तोवर गुरगुट्या भात, ताजा शिजवलेला, कोमट. गरम देऊ नकोस, तोंड सोललंय त्यांचं. आणि चुळांच्या आधी तोंड बधिर करणारं औषध मिळतं, ते आज रात्रीच लिहून घे.