बागेतली फुले आणि भुकेले पाहुणे : आपले अनुभव लिहा

कीड आणि बुरशी यांवरची औषधे कोणीही सांगते. परंतु वानर, मोर, साळिंदर किंवा हरिण यांच्यापासून फुलझाडे कशी राखावीत याविषयी मराठीत फारसे लिहिलेले सापडत नाही, आणि जे सापडते ते बहुधा शेतातल्या पिकांबद्दलचे असते. म्हणून हा धागा काढत आहे. आपल्या परसात कोणता प्राणी येतो, तो काय खातो, काय सोडतो, कोणता उपाय चालला आणि तो किती टिकला, हे कृपया सविस्तर लिहावे. उपाय स्वतः करून पाहिलेला असावा. भारतात यांपैकी बहुतेक प्राण्यांना १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचे संरक्षण आहे, तेव्हा विष, फास आणि विजेच्या जिवंत तारा यांची चर्चा येथे नको. आरंभ मीच करते.

रत्नागिरी तालुका
आमच्याकडे वानरांची टोळी फणसावरून कौलांवर आणि कौलांवरून थेट जास्वंदीवर उतरते. उमललेल्या फुलापेक्षा त्यांना कळी अधिक प्रिय आहे, आणि खाण्यापेक्षाही मोठे नुकसान होते ते त्यांच्या वजनाने मोडणाऱ्या फांद्यांचे. फटाके, पत्र्याचे डबे, रबरी साप, वाघाचे चित्र हे सारे करून झाले; त्यातले नाटक दोन-चार दिवसांत त्यांच्या लक्षात येते. पाइपात कार्बाइड घालून बार काढणारी बंदूकही अनेक जण सुचवतात, पण २०२५ च्या दिवाळीत मध्य प्रदेशात अशाच बंदुकांनी कित्येक मुलांच्या डोळ्यांना गंभीर इजा झाली, त्यामुळे ती मला घरात नको आहे.

शेवटी उपयोगी पडली ती सासूबाईंची रीत. दुसऱ्या दिवशी उमलणारी कळी आदल्या संध्याकाळीच ओळखता येते: ती लांबलेली असते, हिरव्या आवरणाबाहेर तिचा लाल रंग स्पष्ट आलेला असतो आणि पाकळ्यांचा पीळ किंचित सैल झालेला असतो. अशा कळ्या खुडून ओल्या फडक्यात गुंडाळून ताटलीत ठेवल्या, की सकाळी देवघरातच पूर्ण उमलतात. दिवेलागणीनंतर फुले तोडायची नाहीत हा आमच्या घरचा दंडक असल्यामुळे हे काम त्याआधी उरकावे लागते. झाडावर फूल पाहण्याचे सुख जाते खरे, पण गणपतीला जास्वंद चुकत नाही. तगर आणि कण्हेर यांना मात्र आमची टोळी हात लावत नाही, म्हणून कौलांच्या बाजूची सगळी जागा मी त्या दोघींना देऊन टाकली आहे.

न्यू जर्सी, अमेरिका
येथे प्रश्न पांढऱ्या शेपटीच्या हरणांचा आहे. ती अंगणात येतात, इतकेच नव्हे तर दारातल्या पायऱ्यांवर ठेवलेली कुंडीही सोडत नाहीत. आधी चोर नक्की कोण, ते पाहावे असे मी सुचवीन. हरणांना वरच्या जबड्यात पुढचे दात नसतात, त्यामुळे ती देठ कापत नाहीत, ओढून तोडतात. उरलेले टोक फाटलेले आणि धागे लोंबणारे दिसते. सशाने खाल्लेला देठ मात्र कात्रीने तिरपा छाटल्यासारखा स्वच्छ असतो आणि जमिनीलगत असतो. सशासाठी दोन-अडीच फुटांची बारीक जाळी पुरते, तर हरणांसाठी आठ फुटांचे कुंपण लागते, जे घरासमोर उभारण्याची परवानगी बहुतेक ठिकाणी मिळत नाही.

ट्युलिप, होस्टा आणि गुलाब हे त्यांचे पक्वान्न. डॅफोडिल मात्र ती सोडून देतात, कारण त्याच्या कंदात आणि पानांत लायकोरीन नावाचे विषारी द्रव्य असते. कांद्या-लसणाच्या कुळातील ॲलियमलाही वासामुळे बहुधा तोंड लावत नाहीत. त्यामुळे मी पुढे डॅफोडिल आणि ॲलियम लावतो, आणि ट्युलिपची हौस मागच्या अंगणात, जाळीच्या आत भागवतो. कुजलेल्या अंड्यांपासून केलेले फवारे बाजारात मिळतात आणि ते खरोखर काम करतात, परंतु पावसानंतर आणि नवी पालवी फुटल्यावर पुन्हा मारावे लागतात. फवारल्यावर काही तास घरातले कोणीही त्या बाजूला फिरकत नाही, हा त्याचा आनुषंगिक परिणाम. एक खबरदारी: कडाक्याच्या हिवाळ्यात, भूक वाढली की, 'हरणे खात नाहीत' अशा यादीतली कित्येक झाडेही ती खातात. त्या याद्यांवर माझा विश्वास निम्माच आहे.

शिरूर तालुका, पुणे जिल्हा
आमच्या भागात मोर पुष्कळ आहेत. मोर झेंडूच्या कळ्या आणि कोवळी रोपे टिपतात, आणि भुसभुशीत वाफा दिसला की त्यात धूळस्नान करून मुळे उघडी पाडतात. १९६३ पासून तो राष्ट्रीय पक्षी आहे, आणि त्याला हुसकावण्याची इच्छाही होत नाही. रोप वीतभर होईपर्यंत वाफ्यावर बाभळीच्या काट्या पसरून ठेवल्या, की तो त्यात पाय घालत नाही. धूळस्नानासाठी कोपऱ्यात कोरड्या मातीची जागा मोकळी सोडली आहे. तिचा उपयोग होतो.

मेलबर्न, ऑस्ट्रेलिया
येथे पोसम हा झाडावर राहणारा, पोटाला पिशवी असलेला प्राणी रात्री कुंपणावरून येऊन गुलाबाचे कोवळे शेंडे आणि कळ्या फस्त करतो. तो येथला मूळ रहिवासी असल्याने कायद्याने संरक्षित आहे. पकडून दूर नेऊन सोडणे हा गुन्हा ठरतो, कारण परक्या हद्दीत तो सहसा जगत नाही. माझ्या अनुभवात एकच उपाय टिकला: गुलाब भिंत, कुंपण आणि लोंबत्या फांद्या यांपासून दूर लावणे, आणि मोठ्या झाडाच्या बुंध्याभोवती त्याला चढता येणार नाही असा रुंद गुळगुळीत पत्रा बसवणे. लसणाचे पाणी शिंपडले, पण पोसमला त्याचे काहीच वाटले नाही.

सावंतवाडीजवळून
वरच्या सगळ्यांना चोर दिसतो तरी. आमचा साळिंदर निशाचर. सकाळी निशिगंधाच्या वाफ्यात खोल खड्डे, बाजूला कुरतडलेल्या कंदांची साले आणि क्वचित एखादा काळा-पांढरा काटा, एवढीच त्याची खूण. तो चांगला चढत नाही, मात्र खणण्यात तरबेज आहे, त्यामुळे जाळी उंच असण्यापेक्षा खोल असावी लागते. आम्ही ती दीड फूट जमिनीत पुरली आणि तळाशी बाहेरच्या बाजूला वळवली. तरीही खर्च परवडेना, म्हणून आता निशिगंध आणि लिली यांचे कंद कापलेल्या प्लास्टिकच्या ड्रममध्ये लावतो.

रत्नागिरी तालुका
ड्रमची कल्पना आवडली, परंतु आपल्याकडच्या पावसात निशिगंधाचा कंद कुजत नाही का? निचऱ्याची व्यवस्था कशी केली आहे?

सावंतवाडीजवळून
ताई, तळाला भरपूर भोके पाडून त्यावर वीतभर जांभा दगडाचे तुकडे घालावेत, मग निम्मी माती आणि निम्मी वाळू. ड्रम विटांवर ठेवावा. भोके बोटाएवढीच असावीत, कारण त्याहून मोठी ठेवली तर खालून घूस शिरते, आणि तिला निशिगंधाचा कंद साळिंदराइतकाच आवडतो.