सॅटर्न जपानी नव्हती हो

वर कुणीतरी म्हणालं की सॅटर्न ही जपानी कार कंपनी होती आणि जीएमने (अमेरिकेच्या जनरल मोटर्सने) ती विकत घेतली, तसं नाहीये. जीएमनेच १९८५ ला जपानी गाड्यांना टक्कर द्यायला ती वेगळी काढली, टेनेसीत स्प्रिंग हिलला कारखाना, पहिली गाडी १९९० मध्ये बाहेर पडली. किंमत फिक्स, घासाघीस नाही, आपल्या लोकांना हेच पचत नसे :) आमच्याकडे सॅटर्नच्या एस सिरीजमधली सेकंडहँड एसएल२ होती, तिची दारं न् फेंडर प्लॅस्टिकचे, पार्किंगमध्ये शॉपिंग कार्ट येऊन धाडकन आपटली तरी पोचा नाही, नुसता ओरखडा. मात्र उन्हात प्लॅस्टिक फुगतं म्हणून पॅनेलमधल्या फटी मुद्दामच मोठ्या ठेवलेल्या, बोट जाईल एवढ्या, दिसायला गबाळंच. एस सिरीजची इंजिनं तेल पितात ही तर जगजाहीर तक्रार, त्यामुळे डिपस्टिक बघत राहायचं.

तरी लोकांचं प्रेम बघा, १९९४ ला ४० हजारांवर लोक कारखाना बघायला स्प्रिंग हिलला जमले होते. पुढे जीएमने नवीन मॉडेलांसाठी पैसाच सोडला नाही, नंतर ओपेलच्या (जीएमचाच तेव्हाचा युरोपातला ब्रँड) गाड्यांवर सॅटर्नचा बिल्ला लावून विकल्या. २००९ ला गाड्या विकणारी अमेरिकी कंपनी पेन्स्के सॅटर्न विकत घेणार होती पण तिला गाड्या बनवून द्यायला फ्रान्सच्या रेनॉने नकार दिला आणि खेळ खल्लास.