मिनिएचर घोड्याची गाडी: बसलं की दांड्या वर उठतात, तंगाखाली सोललंय, काय चुकतंय?

द्राक्षबाग_दिंडोरी
नमस्कार मंडळी. आमच्याकडे मिनिएचर जातीची घोडी आहे, मोती, वय ४ वर्षं, मानेवरचे केस संपतात तिथून जमिनीपर्यंत ३४ इंच. तोंडाची शांत आहे, ४ महिने मागून लांब लगाम धरून चालवलीये, टायर ओढायला लावलाय, सगळं छान करते. मग मागच्या महिन्यात सातपूरला एका फॅब्रिकेशनवाल्याकडून दोन चाकी गाडी बनवून घेतली, एमएसचा चौकोनी पाइप, स्कूटरची १० इंची चाकं, आणि साज ऑनलाइन मागवला. आता प्रॉब्लेम असा की मी सीटवर बसलो की दांड्यांची (घोडीच्या दोन्ही बाजूंनी पुढं जाणाऱ्या पाइपांची) टोकं वर उठतात आणि पोटाखालचा तंग वर खेचला जातो, पुढच्या पायाच्या कोपरामागे दोन्ही बाजूंनी केस गेलेत आणि उजवीकडे तर कातडी लाल झालीये. छातीच्या पट्ट्यानं खांद्याच्या हाडावर पण घासलंय. तंग दोन भोकं सैल करून पाहिला तर गाडी अजूनच मागं झुकते. आणि परवा कालव्याच्या उतारावर गाडी पुढं सरकून तिच्या मागच्या पायांना लागली, ती उधळली, मी कशीबशी आवरली, सोबत मुलगा होता. साजात मागून एक पट्टा आला होता, तो मला शोभेचा वाटला म्हणून लावलाच नव्हता. साज बदलू का? कोणी लहान मापाचा साज नाशकात बनवून देतं का?

टांगेवाल्याचा नातू
भाऊ साज नंतर बघू, आधी गाडी. आमचे आजोबा स्टेशन ते पंचवटी टांगा हाकायचे, नाशिकरोड ते मेनरोड घोड्यांची ट्राम चालायची त्या गावचे आपण, पण आता घोडा जुंपणारी माणसं हाताच्या बोटांवर राहिलीत आणि वेल्डरला फक्त ट्रॉली माहिती. तुमची गाडी उलाळ आहे, म्हणजे मागं जड. बैलगाडीत मागं जास्त माल भरला की जू वर उठतं आणि बैलाच्या गळ्याला जुपण्या काचतात ना, तेच इथं चाललंय, फक्त गळ्याऐवजी पोटाला. तंग सैल केला तर उलाळ जाणार नाही, दांड्या अजून वर जाणार, तेवढंच.

का होतंय ते नीट बघा. स्कूटरचं चाक टायर धरून १७ इंचाच्या आसपास, म्हणजे आख जमिनीपासून साधारण साडेआठ इंचावर. आणि मोतीच्या अंगावर दांडी जिथं लूपमध्ये (पाठीवरच्या साजाला दोन्ही बाजूंनी लटकणाऱ्या कडीत) येते ती उंची २० च्या पुढं असणार. म्हणजे सरळ दांड्या त्या बुटक्या आखापासून चढ चढत जातायत, त्यामुळं अख्खी गाडी मागं कलते, तुमचं सीटही मागं जातं आणि तुमचं सगळं वजन आखाच्या मागं पडतं. कितीही भारी साज आणला तरी हे सुटणार नाही.

आजोबा टांगा तपासायचे ते असं. घोडा बाजूला. जनावर सपाट जागी उभं करून लूपची उंची मोजून घ्यायची, मग गाडीच्या दांड्या तेवढ्याच उंचीवर धरायच्या, हाकणारा सीटवर बसणार, आणि दुसऱ्यानं दोन्ही दांड्यांची टोकं तळहातावर घ्यायची. दोनतीन किलो वजन हाताला जाणवलं की बरोबर. टोकं हातातून वर पळाली तर सीट पुढं घ्या, हात खाली दबला तर मागं. जुंपल्यावर दांडी लूपमध्ये हलती राहिली पाहिजे, म्हणजे पाठीवरही ओझं नाही आणि पोटालाही ओढ नाही. हे झाल्याशिवाय तिला परत जुंपू नका, हात जोडून सांगतो.

द्राक्षबाग_दिंडोरी
दादा लगेच मोजलं. लूप २१ इंचावर, आख साडेआठ. दांड्यांच्या टोकांना भावानं धरलं तर मी बसल्याबरोबर त्याच्या हातातून वर गेली. दांडीची लांबी तिच्या खांद्याच्या टोकाच्या ५ इंच पुढं जातेय, ते पण चूक आहे का? गाडीचं वजन ६४ किलो भरलं, माझं ७४, मुलगा ३०.

घोडागाडी_सिन्नर
५ इंच पुढं म्हणजे जास्तच झालं. दांडीचं टोक खांद्याच्या टोकाशी संपलं पाहिजे, पुढं आलं की वळताना मानेला टोचतं आणि लगाम त्यात अडकतो, एकदा लगाम अडकला की काय होतं ते मी पाहिलंय. कापून टाका आणि टोक गोल करा. मागं मात्र जागा सोडा, दुडकी चालताना मागचे पाय आणि गाडीची पहिली आडवी पट्टी यात निदान एक फूट तरी.

चाकांसाठी मोपेडची १६ इंची रिमवाली बघा, टायर धरून २१ इंच होतात, आख साडेदहावर येतो, बाकीचं अंतर फ्रेम आखाच्या वर ब्रॅकेटनं उचलून भरून काढा म्हणजे दांड्या जवळपास सपाट येतील. साध्या सायकलची चाकं लावू नका, ती दोन्ही बाजूंनी धरलेली असतात म्हणून टिकतात, गाडीत एकाच बाजूनं आख धरलेला असतो आणि वळणावर आडवा जोर आला की आरे तुटतात. ट्यूबमध्ये पंक्चरचं जेल भरून घ्या, दिंडोरी साइडला बाभळीचे काटे काय कमी नाहीत.

आता तो शोभेचा पट्टा. दादा, तुमच्या गाडीला ब्रेक नाही, तोच पट्टा ब्रेक आहे. त्याला ब्रीचिंग म्हणतात. उतारावर गाडी पुढं आली की ती दांड्यांमार्फत या पट्ट्यावर येते आणि घोडी ढुंगणानं ती थोपवते, पट्टा नसेल तर गाडी सरळ पायावर. शेपटीखाली सरकेल इतका वर नको आणि पाय मागून ओढले जातील इतका खाली नको, मांडीच्या जाड भागावर आडवा सपाट. ओढायचे पट्टे (छातीच्या पट्ट्यापासून मागं गाडीपर्यंत जाणारे) ताणलेले असताना ब्रीचिंग आणि मांडी यात आडवा तळहात सहज गेला पाहिजे. त्याचे दोन बाजूचे पट्टे दांडीला गुंडाळून कडीत पक्के अडकवायचे, म्हणजे पुढं सरकणार नाहीत.

खांदा घासण्याचं एक कारण बहुतेक असं असेल, ओढायचे पट्टे तुम्ही गाडीच्या फ्रेमला दोन हुकांत पक्के अडकवलेत का? घोडं चालताना एक खांदा पुढं एक मागं होतो, फ्रेम मात्र हलत नाही, मग पट्टा कातडीवर करवतीसारखा फिरतो. मधोमध बोल्टवर फिरणारी आडवी दांडी बसवा, तिच्या दोन टोकांना पट्टे, म्हणजे खांद्याबरोबर तीही डोलते. वेल्डरला अर्ध्या तासाचं काम आहे. आणि छातीचा पट्टा खांद्याच्या हाडाच्या वर, पण श्वासनळीच्या खाली बसवा, तिथं दोन बोटांची जागा असते फक्त, मानेवरून जाणारी पट्टी लांबआखूड करून तो जमतो.

साज बनवण्याबद्दल, सारंगखेड्याच्या यात्रेत दत्तजयंतीला साजाची दुकानं लागतात पण मापं सगळी मोठ्या घोड्यांची. माझं मत, चांगल्या चामड्याचं काम करणाऱ्या चांभाराला तुमचा ऑनलाइन साज दाखवून हवं तिथं भोकं पाडून घ्या आणि छातीच्या पट्ट्याला आतून मऊ अस्तर लावून घ्या, नवा घ्यायची गरज दिसत नाही.

पशुवैद्य_निफाड
वरच्या दोघांनी बरोबर सांगितलंय, मी फक्त जनावराकडून बोलतो. सोललेली जागा पूर्ण भरून केस येईपर्यंत तिथं काहीच बांधू नका, ना तंग ना पट्टा, आठवडाभरानं बरी दिसली तरी नाही. मिठाच्या पाण्यानं धुवा, माशा बसू देऊ नका. घोड्याला टिटॅनस फार लवकर होतो आणि छोट्या जखमेतूनही होतो, लस झाली नसेल तर आजच डॉक्टरांना बोलवा.

वजनाचं मला जास्त टोचलं. कांद्याच्या काट्यावर मोतीला उभं करून वजन घ्या. माझा अंदाज शंभरच्या आत भरेल. ६४ अधिक ७४ अधिक ३० म्हणजे १६८ किलो. सपाट रस्त्यावर चांगल्या चाकांवर गाडी आणि माणूस मिळून तिच्या स्वतःच्या वजनाच्या आसपास ठेवा, नवी आहे ती, कालव्याचा चढ तर सध्या विसराच. गाडी हलकी करा, ६४ किलो म्हणजे ट्रॉलीच झाली.

एप्रिल मे मध्ये आपल्याकडे पारा सहज ३७ च्या वर जातो. जनावरांच्या १९६५ च्या नियमांत स्पष्ट आहे, जिथं ३७ अंशांच्या वर तापमान जातं तिथं दुपारी १२ ते ३ जनावर जुंपायचं नाही. या लहान घोड्यांना मी तर सकाळी ९ नंतर जुंपू देणार नाही. आणि गूळ हरभरे कौतुकानं चारणं बंद, ही जात लगेच जाड होते आणि मग खूर सुजतात.

नवखी_घोडेवाली
एक विचारू का, जुंपताना आधी काय अडकवायचं? आमच्याकडे दोघं दोन प्रकारे सांगतात.

घोडागाडी_सिन्नर
ताई, एकजण घोड्याच्या तोंडाशी उभा, घोडा जागेवर, गाडी मागून आणायची, घोड्याला मागं ढकलून दांड्यांत घालायचं नाही. दांड्या लूपमध्ये, मग ओढायचे पट्टे, मग ब्रीचिंग, शेवटी पोटाखालचा वरचा तंग, म्हणजे साजाच्या तंगावरून जाणारा, दांड्या खाली धरणारा. सोडताना बरोबर उलटं. आणि गाडी जोडलेली असताना तोंडावरचा साज कधी काढायचा नाही, पाणी पाजायलाही नाही. डोळ्यांची झापडं निघाली आणि मागं गाडी दिसली की शहाणं घोडंही उधळतं, आणि तेव्हा तुमच्या हातात लगामही नसतो.

द्राक्षबाग_दिंडोरी
सर्वांना अपडेट, ५ आठवडे झाले. मोती काट्यावर ९६ किलो भरली, डॉक्टर म्हणाले तसंच. टिटॅनसची लस दिली. जुनी गाडी तोडून पातळ गोल पाइपची नवी केली, मोपेडची चाकं, फिरती दांडी, दांड्या कापल्या, सीट बोल्टवर पुढंमागं सरकेल अशी. आता ३६ किलो आहे. मी बसल्यावर टोकांना अडीच किलो भरतं, स्प्रिंगचा काटा लावून पाहिलं. मी आणि गाडी मिळून ११० होतात म्हणून हाकायला आता बायको बसते, ती ५२ ची, तिच्यासाठी सीट ३ इंच मागं घ्यावं लागलं. मुलाला सांगितलंय की तू पुढं लगाम धरून चालायचं.

कोपरामागं केस पूर्ण आलेत, काल पहिल्यांदा जुंपली, बागेच्या आतल्या सपाट रस्त्यावर १० मिनिटं, पहाटे. उतरल्यावर तंगाखाली हात फिरवला, घाम सगळीकडे सारखा होता, कुठं कोरडी किंवा घासलेली जागा नाही. ब्रीचिंग लावलंय, पण बायको थांबवते तेव्हा उजवीकडचा पट्टा डावीच्या आधी ताणला जातो असं दिसतंय, एक भोक कमी करू का? फोटो उद्या सकाळी टाकतो.

टांगेवाल्याचा नातू
कमी नका करू, आधी दोन्ही बाजूंच्या कड्या आखापासून सारख्या अंतरावर वेल्ड झाल्यात का ते टेपनं बघा. फोटो बाजूनं काढा, घोडी चारी पायांवर सरळ उभी असताना.