‘बुद्ध्या’ म्हणजे नुसतं मुद्दाम, का आधीपासून ठरवून?

आजोबांची जुनी पत्रं लावत होते, एका पत्रात ‘तो उल्लेख मी बुद्ध्या टाळला’ असं वाक्य आहे. मुद्दाम टाळला एवढं कळलं, पण आधीपासून मनात ठरवून टाळला असाही अर्थ निघतो का? घरात यावरून दोन तट पडलेत. आणि बुद्धिपुरस्सर हा तोच शब्द का?

प्रतिसाद १
बुद्ध्या हे ‘बुद्धि’चं संस्कृत तृतीया एकवचन, म्हणजे बुद्धीने. ‘कायेन वाचा’मध्ये आपण ‘बुद्ध्यात्मना’ म्हणतो ना, ते बुद्ध्या + आत्मना, तोच हा शब्द. मराठीत त्याचा अर्थ जाणूनबुजून असा झाला.

प्रतिसाद २
मला तरी ठरवून हाच अर्थ वाटतो. पुरस्सर म्हणजे पुढे चालणारा, मग बुद्धिपुरस्सर म्हणजे आधी विचार मग कृती, असंच ना?

प्रतिसाद ३
नाही, इथेच गल्लत होते. हे ‘पुढे’ वेळेचं नाही. विनयपुरस्सर, आदरपुरस्सर घ्या, तिथे आधी विनय आणि मग बोलणं असं थोडंच असतं, विनयासह बोलणं असतं. आणि सोपी परीक्षा म्हणजे उलट शब्द बघा, बुद्ध्याच्या उलट चुकून किंवा अनवधानाने, पण पूर्वनियोजितच्या उलट अचानक, ऐनवेळी. रागाच्या भरात कोणी पेला भिंतीवर फेकला तर तो बुद्ध्याच फेकला, पण त्यात पूर्वनियोजन काही नाही. कायद्यातही हा फरक फार महत्त्वाचा आहे, १८६० च्या दंडसंहितेत कलम ३००चा चौथा अपवाद आणि आता भारतीय न्याय संहितेत कलम १०१चा चौथा अपवाद, आधी ठरवलेलं नसताना अचानक भांडणात रागाच्या भरात कोणाचा जीव गेला, आणि मारणाऱ्याने गैरफायदा घेतला नाही की क्रूरपणा केला नाही, तर तो खून न धरता सदोष मनुष्यवध धरतात. तिथे बुद्ध्या लिहून भागणार नाही, पूर्वनियोजित किंवा आधी कट करून असंच लिहायला हवं.
आणि कृपा करून ‘हेतुपुरस्पर’ लिहू नका, बातम्यांतसुद्धा दिसतं, परस्परशी घोटाळा होतो. हेतुपुरस्सर, दोन स.

प्रश्नकर्ती
खूप आभार! म्हणजे आजोबांना लिहितानाच ते टाळावंसं वाटलं असेल, आधीपासून ठरवलेलं असेलच असं नाही. पुढच्याच ओळीत ‘मन धजेना’ लिहिलंय, आता ते नीट लागलं.